परदेशवारीचं बक्षीस असलेल्या बायोमेडिकल सादरीकरण स्पर्धा: सांगली-मिरजेतून भाग घ्यावा का?

हॉस्पिटलमधली यंत्रं चालू ठेवणाऱ्यांसाठी, म्हणजे बायोमेडिकल इंजिनिअर, टेक्निशियन आणि कंपन्यांचे सर्व्हिस इंजिनिअर यांच्यासाठी, सादरीकरणाच्या स्पर्धा होतात. आपल्या कामातला एक प्रश्न आणि आपण तो कसा सोडवला हे मांडायचं, परीक्षकांनी निवडलं तर परदेशातल्या परिषदेत तेच व्यासपीठावर सांगायचं आणि विमानभाडं, राहणं, परिषदेची नोंदणी आयोजकांनी द्यायची, असं त्यांचं सर्वसाधारण स्वरूप. एखाद्या एका आयोजकाचं हे परीक्षण नाही. या प्रकारच्या स्पर्धेत मिरज, सांगली, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर), विटा इथल्या माणसाच्या हाती खरोखर काय लागतं, एवढंच पाहायचं आहे.

मत आधीच सांगतो. हॉस्पिटलात दोनेक वर्षं काम केलेल्या आणि ब्रेकडाऊन रजिस्टर नीट ठेवलेल्या माणसाने जरूर भाग घ्यावा. फक्त परदेश पाहायचा म्हणून भरायचा असेल तर अर्ज भरू नये. जाहिरातीत प्रवास जेवढा मोठा दिसतो तेवढा तो प्रत्यक्षात नसतो. तीन-चार रात्री, त्यातली एक जेटलॅगमध्ये, बाकी दिवस सभागृहात आणि प्रदर्शनाच्या स्टॉलवर. खरा फायदा तयारीत आहे. स्वतःच्या कामाचे आकडे पहिल्यांदा कागदावर येतात. पुढे एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) वाटाघाटीत, नव्या यंत्राच्या मागणीपत्रात आणि नोकरीच्या मुलाखतीत ते वर्षानुवर्षं उपयोगी पडतात.

खोट्या परिषदांपासून सावध राहा, कारण या क्षेत्रात त्या पुष्कळ आहेत. अर्ज केल्यापासून दोन दिवसांत ‘तुमचा विषय स्वीकारला’ असा मेल आला, एकाच सभागृहात दंतवैद्यक, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि मार्केटिंग अशा तिन्ही विषयांची परिषद असली, परीक्षक कोण ते कुठेच लिहिलेलं नसलं आणि नोंदणी फी आधी मागितली, तर ते दुकान आहे. खऱ्या स्पर्धेत प्रवेश फी नसते किंवा अगदी किरकोळ असते आणि निकालाला आठवडे लागतात. या क्षेत्रातली भरवशाची मोठी ठिकाणं ठाऊक असली की तुलना करता येते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर नोव्हेंबरात मेडिका हे वैद्यकीय उपकरणांचं प्रदर्शन भरतं. आयएफएमबीई या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक काँग्रेस तीन वर्षांनी होते. क्लिनिकल इंजिनिअरिंगची वेगळी काँग्रेस २०१५ मध्ये हांगचौला, २०१७ मध्ये साओ पावलोला आणि २०१९ मध्ये रोमला झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा वैद्यकीय उपकरणांवरचा फोरम २०१८ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमला भरला होता, म्हणजे आपल्या घराजवळच.

विषय कुठून आणायचा

इथे आपल्या भागाची बाजू भक्कम आहे. मिरजेत १८९४ पासूनचं वॉनलेस हॉस्पिटल आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे आणि भोवती खासगी हॉस्पिटलांची दाटी. एकाच गल्लीत तीन कंपन्यांचे व्हेंटिलेटर आणि पाच पिढ्यांचे मॉनिटर सापडतात. युरोपातल्या परीक्षकाला नवंकोरं यंत्र कसं बसवलं हे ऐकायचं नसतं, ते त्याच्याकडे रोज घडतं. पंधरा वर्षांचं यंत्र, सुटा भाग मिळत नाही, वीज वर-खाली होते आणि तरी ते सुरक्षित ठेवलं, ते कसं, याच्यात त्याला रस असतो.

महापुराचा विषय तर सांगलीशिवाय इतक्या नेमकेपणाने कोण मांडणार? २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा पाणी शहरात शिरलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. या दोन आकड्यांवर हॉस्पिटलचा पूर-आराखडा बांधता येतो. ४० फुटांना कुठली यंत्रं वर न्यायला सुरुवात करायची आणि ४५ फुटांच्या आत काय संपलं पाहिजे, ते ठरवायचं. एमआरआय हलत नाही. पोर्टेबल एक्स-रे, डिफिब्रिलेटर, सिरिंज पंप, मॉनिटर हलतात. खरी अडचण यूपीएसच्या बॅटऱ्यांची होते, कारण त्या बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर असतात. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी साधारण ३० किलोची. लिफ्ट बंद झाल्यावर तशा २० बॅटऱ्या जिन्याने नेण्याला किती माणसं आणि किती वेळ लागतो, हे मोजून तक्त्यात मांडलं तर परदेशातला माणूस वहीत उतरवून घेतो. त्यांच्याकडेही नद्या आहेत.

दुसरा विषय त्याहून साधा आहे आणि आमच्या मते सर्वांत चांगला. आयसीयूमधलं अर्थिंग आणि ईसीजीत येणारा ५० हर्ट्झचा ‘आवाज’, म्हणजे विजेच्या लाइनमुळे रेषेत मिसळणारी थरथर. यंत्र विकत घ्यायचं नाही, परवानगीचा मोठा घोळ नाही आणि मोजमाप दोन ऋतूंत करता येतं. हा विषय जवळून पाहू, कारण स्पर्धेत कुठे नेमकं चुकतं ते यातून कळतं.

कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. भेगाळली की अर्थ पिटमधल्या (अर्थिंगसाठी खणलेल्या खड्ड्यातल्या) इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते आणि मातीशी संपर्क कमी होतो. त्यामुळे सप्टेंबरात चांगला, म्हणजे कमी आलेला अर्थ रेझिस्टन्स (जमिनीत करंट जाताना होणारा अडथळा) मे महिन्यात बिघडलेला दिसू शकतो. ठेकेदार टेस्टच्या आदल्या दिवशी पिटमध्ये पाण्याच्या बादल्या ओततो आणि मग रिपोर्ट देतो. तो रिपोर्ट त्या दिवसापुरता खरा असतो. म्हणून मोजणी स्वतः करायची, पाणी न घालता, आणि तारीख लिहायची.

पद्धत तीन खुंट्यांची: पहिली पिटचीच, बाकी दोन अर्थ टेस्टरला जोडून जमिनीत ठोकायच्या. करंटची खुंटी पिटपासून ३० मीटरवर ठोकली तर व्होल्टेजची खुंटी त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर, म्हणजे १८.६ मीटरवर येते. मग व्होल्टेजची खुंटी तीन-तीन मीटर पुढे-मागे करून पुन्हा वाचन घ्यायचं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वाचन ग्राह्य. नसतील तर खुंट्या जवळ पडल्या आहेत, करंटची खुंटी आणखी लांब न्यायला हवी. बाजारपेठेतल्या हॉस्पिटलात ३० मीटर मोकळी जागा मिळत नाही, तिथे तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प टेस्टर वापरतात. पण अर्थची जोडणी अनेक ठिकाणी असून पूर्ण लूप होत असेल तरच क्लॅम्पचं वाचन खरं येतं. एकट्या सुट्या पिटवर तो आकडा फसवा निघतो. आणि एक गोष्ट ठाम सांगायची: मोजण्यासाठी अर्थची लिंक सोडवायची असेल तर त्या लाइनवर रुग्णाला जोडलेलं एकही यंत्र चालू नसलं पाहिजे.

इथपर्यंत बरेचजण येतात. पुढे घसरतात. आयसीयूच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ५-६ व्होल्ट दिसले, की ‘अर्थिंग खराब’ असा निष्कर्ष स्लाइडवर जातो. परीक्षकांपैकी एखादा जाणकार तिथेच विचारतो: हा व्होल्टेज न्यूट्रलमधल्या ड्रॉपचा, म्हणजे करंट वाहताना तारेतच पडणारा, कशावरून नाही? २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम. ३० मीटर लांबीला तो ०.२२ ओहम होतो. त्यातून १० अँपिअर वाहिले की २.२ व्होल्ट नुसत्या न्यूट्रलवर पडतात, अर्थ पिट कितीही उत्तम असला तरी. त्यात यूपीएस, एलईडी दिवे आणि एसएमपीएसवाली (स्विचिंग पॉवर सप्लायची) यंत्रं जास्त असली तर तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे १५० हर्ट्झचे, करंट तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकत्र मिळतात, एकमेकांना काटत नाहीत. फेज बॅलन्स असूनही न्यूट्रल तापतो तो यामुळेच.

उत्तर तयार ठेवायचं तर मोजणी दोनदा करा, एकदा लोड चालू असताना आणि एकदा त्या सर्किटवरचा लोड काढून. लोड काढल्यावर व्होल्टेज शून्याजवळ आला तर दोष न्यूट्रलचा, म्हणजे तार बारीक, जोड सैल किंवा सर्किट ओव्हरलोड. व्होल्टेज तसाच राहिला तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा मागच्या सर्किटमधून काही येतंय, तिकडे शोध घ्या. न्यूट्रलवर क्लॅम्पमीटर लावून करंटही त्याच वेळी नोंदवा. मल्टिमीटर ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा आकडा दाखवणारा) हवा, नाहीतर हार्मोनिक असलेल्या लाइनवर आकडा कमी दिसतो.

ईसीजीच्या बाजूलाही असाच एक खड्डा आहे. मॉनिटर मोडमध्ये फिल्टर ४० हर्ट्झच्या वरचं कापून टाकतो. त्यामुळे ५० हर्ट्झचा आवाज असूनही पडद्यावर रेषा स्वच्छ दिसते. तुलना करायची ती डायग्नोस्टिक मोडमध्ये, ०.०५ ते १५० हर्ट्झवर, नॉच फिल्टर (फक्त ५० हर्ट्झ गाळणारा) बंद ठेवून. आणि रुग्णावर मोजू नका, सिम्युलेटर (कृत्रिम ईसीजी सिग्नल देणारं यंत्र) लावा. रुग्णावर जेल सुकलेला इलेक्ट्रोड, लीडची तुटलेली शील्ड आणि बेडची मोटर या तिन्ही गोष्टी तोच आवाज देतात, मग अर्थिंगचा वाटा वेगळा काढता येत नाही.

एवढं काम १० बेडवर मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये केलं तर तुमच्याकडे जगात कुठेही मांडता येईल असा तक्ता तयार होतो. सादरीकरणाचं अर्धंअधिक काम तिथेच संपतं.

आकडे कसे मोजायचे

अपटाइमचा, म्हणजे यंत्र किती टक्के वेळ चालू होतं त्याचा, आकडा सगळेच देतात आणि सगळेच वेगवेगळ्या पद्धतीने काढतात. समजा एक्स-रे मशीन महिन्यात एकूण ३६ तास बंद होतं. २४ तासांच्या हिशोबाने महिन्याचे ७२० तास, म्हणजे अपटाइम ९५ टक्के. तेच मशीन फक्त ओपीडीत, २६ दिवस आणि रोज ८ तास चालत असेल तर एकूण तास २०८. त्या ३६ तासांतले कामाच्या वेळेत पडलेले समजा १२, तर अपटाइम ९४ टक्के. आणि ३६ तास थेट २०८ मधून वजा केले तर ८३ टक्के. एकच ब्रेकडाऊन, उत्तरं तीन. कुठली पद्धत घेतली हे स्लाइडवर एका ओळीत लिहिलं नाही तर प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न तोच येतो.

बंद वेळ कधीपासून धरली हेही लिहा. सिस्टरने फोन केला तेव्हापासून, की इंजिनिअर पोहोचला तेव्हापासून? कंपनीचा सर्व्हिस रिपोर्ट इंजिनिअर आल्यापासून मोजतो, वॉर्डाचं रजिस्टर बिघाड दिसल्यापासून. दोन्हींतला फरक कधी एका रात्रीचा असतो. आमच्या मते वॉर्डाचं रजिस्टर धरावं, रुग्णाच्या दृष्टीने तीच वेळ खरी.

तुलनेसाठी आपल्याकडे चांगला आधार आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालच्या २०१५ च्या बायोमेडिकल उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयासाठी ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ८० टक्के अपटाइमची अट ठेवलेली आहे. त्या कार्यक्रमाआधीच्या मोजणीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद सापडली होती. परदेशातल्या श्रोत्याला भारताची परिस्थिती समजावायला हे दोन आकडे पुरतात, त्यावर वेगळी स्लाइड खर्च करू नका.

सुरक्षिततेच्या मर्यादा सांगताना कुठल्या मानकातली मर्यादा ते आधी सांगायचं. वैद्यकीय यंत्रांच्या सुरक्षा-तपासणीच्या आयईसी ६२३५३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासताना पॉवर कॉर्डसह अर्थचा रेझिस्टन्स ०.३ ओहमपर्यंत चालतो. अमेरिकेत एनएफपीए ९९ प्रमाणे ०.५ ओहम. पुण्याच्या लॅबने दिलेला ‘पास’ अमेरिकन श्रोत्यांपुढे तसाच टाकला तर गोंधळ होतो. त्यांची वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. लीकेज करंटच्या (यंत्रातून गळणाऱ्या करंटच्या) तुलनेत हा फरक सांगावाच लागतो. आणि मायक्रोअँपिअर आणि मिलिअँपिअर यांत घोळ करू नका. हृदयाशी थेट जोडलेल्या सीएफ प्रकारच्या भागाला नॉर्मल स्थितीत १० मायक्रोअँपिअर ही मर्यादा आहे. एक अक्षर चुकलं तर तुम्ही हजारपट धोकादायक यंत्र चालवत होतात असं स्लाइड म्हणते.

अर्ज आणि निवड

गोषवारा साधारण २५० ते ३०० शब्दांचा मागतात. त्यात हॉस्पिटलचं नाव टाकू नका. बऱ्याच स्पर्धांत परीक्षकांना स्पर्धक कोण ते कळू देत नाहीत, नाव दिसलं की अर्ज बाजूला पडतो. ६० शब्द अडचणीला, ९० पद्धतीला, ९० निकालाला आणि उरलेले मर्यादांना, असा हिशोब ठेवला तर आटोक्यात राहतो. आपल्याकडचे अर्ज पडतात ते पहिल्याच भागात, कारण अर्धा गोषवारा ‘आधुनिक वैद्यकात तंत्रज्ञानाचं महत्त्व’ यावर जातो. तो भाग सरळ कापा. मर्यादा मात्र कापू नका. ‘फक्त १० बेड, एकच हॉस्पिटल, पावसाचं प्रमाण नोंदवलेलं नाही’ असं स्वतः लिहिलं की परीक्षकाचा विश्वास वाढतो.

दुसऱ्या फेरीत तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ किंवा ऑनलाइन मुलाखत असते. व्हिडिओत मॉनिटरच्या पडद्यावरचं रुग्णाचं नाव, बेड नंबर किंवा केस पेपर दिसू देऊ नका. एका दृश्यात नाव दिसलं तर आयोजक व्हिडिओ परत पाठवतात किंवा नाकारतात. हॉस्पिटलचं परवानगीपत्र अर्जाच्या आधी घ्या, नंतर नाही. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला तर दोन पत्रं लागतात, एक मालकाचं आणि एक हॉस्पिटलचं. स्लाइडवर कंपनीचा लोगो कितीदा चालतो त्यालाही नियम असतो, बहुतेक ठिकाणी फक्त पहिल्या स्लाइडवर.

बक्षिसात काय येतं, काय येत नाही

या स्पर्धांचं सर्वांत कमकुवत अंग हेच, आणि नियमावलीत ते तळाशी बारीक अक्षरांत असतं. साधारणपणे परिषदेची नोंदणी, इकॉनॉमीचं येण्या-जाण्याचं भाडं आणि तीन-चार रात्रींचं हॉटेल मिळतं. भाड्याला वरची मर्यादा असते. व्हिसाची फी, विमा, जेवण, तिथला लोकल प्रवास आणि सांगली-मुंबई हा टप्पा आपला. ‘जवळचा विमानतळ’ म्हणजे मुंबई धरतात. कोल्हापूरचं उजळाईवाडी जवळ असलं तरी आंतरराष्ट्रीय उड्डाण तिथून नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरायचं असेल तर त्याच दिवशी दुपारचं विमान धरू नका, गाडीला उशीर झाला तर तिकीट जातं आणि नियमाप्रमाणे दुसरं मिळत नाही.

त्याहून मोठा प्रश्न पैसे कोण आधी भरणार हा. आयोजक स्वतः तिकीट काढत असतील तर उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी आपण खर्च करायचा, परत आल्यावर बिलं आणि बोर्डिंग पास पाठवायचे, मग पैसे येतात. टेक्निशियनच्या पगारात हा आकडा कित्येक महिन्यांचा असतो. अर्ज करण्याआधी मेल लिहून विचारा: तिकीट तुम्ही काढता की आम्ही? हॉटेलचं बिल थेट भरता का? लेखी उत्तर आलं नाही तर पैसे आपणच घालायचे आहेत असं समजून चला. परदेशातून पैसे येताना बँक आपलं शुल्क कापते आणि पैसे कशाचे तेही विचारते. त्यासाठी आयोजकांचं ‘प्रवासखर्चाची भरपाई’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र आधीच मागून ठेवा.

सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी एक वेगळी पायरी आहे, आणि ती ऐनवेळी आठवते. परकीय योगदान नियमन कायदा २०१० च्या कलम ६ प्रमाणे सरकारी नोकराने परदेशात परकीय आयोजकाच्या खर्चाने राहणं-फिरणं स्वीकारण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन, नमुना एफसी-२, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. विभागाची एनओसी वेगळी, ती आधी लागते. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातल्या किंवा सांगलीच्या सिव्हिलमधल्या माणसाने निकालाच्या दिवशीच ही फाइल सुरू करावी.

व्हिसा

चांगलं सादरीकरण असूनही जाता आलं नाही, याचं नेहमीचं कारण व्हिसा. निकाल आणि परिषद यांत दोन-अडीच महिने असतात आणि त्यातला महिना कागद जमवण्यात जातो. पासपोर्ट नसेल तर स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी काढा. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. साध्या अर्जाची फी १,५०० रुपये आहे, तत्काळला २,००० जास्त.

आपल्याकडे नावाची अडचण हमखास होते. आधारवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. पदवीवर आडनाव आधी. पासपोर्टवर काही जणांचं वडिलांचं नाव नावाला जोडलेलं, काहींचं नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांच्या पदवीवर वेगळंच. गोषवाऱ्यात, निमंत्रणपत्रात आणि तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. निमंत्रणपत्रावर वेगळं नाव आलं तर ते दुरुस्त करून घेण्यात आठवडा जातो.

युरोपात शेंगेन व्हिसाला अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतल्यावर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. ब्रिटनला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, अर्ज तीन महिने आधीपासून, निकाल साधारण तीन आठवड्यांत, बोटांचे ठसे पुण्यातच देता येतात. परिषदेला हजर राहणं आणि एखादं भाषण देणं त्यात बसतं. अमेरिकेला डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरून मुंबईत मुलाखत द्यावी लागते, आणि मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत परिषद होऊन जाण्याची भीती असते. स्पर्धेचं ठिकाण अमेरिका असेल तर निकालाआधी तारखा बघून ठेवा.

निमंत्रणपत्रात ‘आपण विजेते आहात’ एवढं पुरत नाही. भाडं कोण देणार, हॉटेल कुठलं आणि कुठल्या तारखांना, जेवणाचा खर्च कोणाचा, हे तपशिलाने असलं पाहिजे. उरलेला खर्च तुम्ही करणार असाल तर बँकेचं स्टेटमेंट द्यावं लागतं, आणि अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी लाखभर आणून भरलेले त्यात ठळक दिसतात. त्यापेक्षा खात्यात आहेत तेवढेच दाखवा आणि हॉस्पिटलचं रजा-मंजुरीचं पत्र जोडा.

सोबत काही दाखवायला न्यायचं असेल, समजा तुटलेल्या एसपीओटू प्रोबचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) कापलेला नमुना किंवा ईसीजी सिम्युलेटर, तर प्रोब निर्जंतुक करून सीलबंद पिशवीत ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, १०० वॅट-अवरपर्यंत चालतात. स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्ये. यंत्रं तपासणारा महागडा अ‍ॅनालायझर नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना त्यावर ड्युटीचा वाद होत नाही.

व्यासपीठावर

वेळ वीस मिनिटं, त्यातली पाच प्रश्नांना. बारा स्लाइड पुष्कळ झाल्या. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. तक्त्यात दहा बेडचे वीस आकडे दाखवण्यापेक्षा मे आणि सप्टेंबरच्या दोन रेषांचा आलेख दाखवा आणि पूर्ण तक्ता शेवटी प्रश्नांसाठी राखून ठेवा. व्हिडिओ फाइलमध्येच घाला, इंटरनेटवर विसंबू नका. इंग्रजी उच्चारांची काळजी अनेकांना वाटते, तिची गरज नाही. सावकाश बोला आणि आकडे स्लाइडवर ठेवा म्हणजे झालं. भाषेपेक्षा घाई जास्त नडते.

नियमावलीत कॉपीराइटचं कलम नीट वाचा. काही स्पर्धांत सादर केलेल्या स्लाइड आणि व्हिडिओ आयोजकांच्या मालकीचे होतात, निवड झाली नाही तरी. तिथे हॉस्पिटलचा संपूर्ण डेटा देऊ नका, निष्कर्षापुरता द्या. निवड न झालेला विषय पुढच्या वर्षी पोस्टर म्हणून दुसऱ्या परिषदेत देता येतो, पण हे कलम आड येत नसेल तरच. आणि परीक्षकांत एखाद्या उपकरण कंपनीची माणसं असतील तर त्यांच्याच यंत्राच्या तक्रारीवरचा विषय तिथे पाठवू नका. तो तक्ता विद्यापीठांच्या किंवा व्यावसायिक संघटनांच्या स्पर्धेसाठी ठेवा, तिथे त्याला खुल्या मनाने गुण मिळतात.